गनी, जिंजर, व्हील: इंग्रजी शब्दाचा माग कसा काढायचा

गेली २६ वर्षं मी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका पेढीवर हिशेब लिहिते. मिरी, सुंठ, हळद, साखर, गूळ हा आमचा माल. सकाळी आवक, दुपारी पट्ट्या, संध्याकाळी रोजकीर्द लिहून खतावणीचा ताळा. या कामानं मला एक सवय लावली. वहीत कुठलीही रक्कम आली की ती कुणाकडून आली, कधी आली आणि तिची पावती कुठं आहे, हे विचारल्याशिवाय हात पुढं जात नाही. इंग्रजी शब्दांची मुळं शोधायचा नाद लागला तेव्हा हीच सवय उपयोगी पडली. शब्दही कुणाच्या तरी हातून येतो. तो हात दाखवता आला की नोंद पक्की.

मी बी.कॉम. झालेली बाई. ग्रीक-लॅटिन शिकले नाही, संस्कृत दहावीपुरतं. तेवढ्यावरही हे काम होतं, म्हणून लिहायला बसले. लागतं ते एवढंच: एक शंभर पानी वही, पेन्सिल, फोनवर इंटरनेट, आणि एका शब्दामागं दोन-तीन संध्याकाळी घालवायची तयारी.

हाताशी असलेला शब्द घ्या

सुरुवात अशा शब्दापासून करा, ज्याचं एक टोक आधीच तुमच्या हातात आहे. माझ्यासाठी तो शब्द होता 'गनी'. परराज्यातून येणाऱ्या मालाच्या बिलावर इंग्रजीत 'गनी बॅग्ज' छापलेलं असतं, आणि तोच माल गाडीतून काढताना आमचे हमाल 'गोण्या उतरवा' म्हणतात. कितीतरी वर्षं मी हे वाचत होते आणि ते ऐकत होते, पण दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

असा शब्द तपासायला सगळ्यात सोयीचा कोश म्हणजे 'हॉब्सन-जॉब्सन'. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी केलेला हा कोश १८८६ मध्ये निघाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या बोलण्यात आणि पत्रव्यवहारात आपल्याकडचे जे शब्द शिरले, त्यांचा हा कोश. शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियाई भाषांचे जुने कोश डिजिटल करून खुले ठेवले आहेत, त्यात हाही आहे. 'गनी'चं मूळ आपली गोणीच, हे तिथं पाहायला मिळतं, आणि गोणीच्या मागं संस्कृत 'गोणी'. वाहून नेणारा हात शोधायला लांब जावं लागत नाही. इथला माल बोटीत भरणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला ज्या गोणपाटात तो बांधलेला होता, त्याचं नाव उचलावंच लागलं.

इथंच थांबलात तरी पहिला शब्द झाला. पण मी एक पायरी आणखी उतरले आणि अंगावर काटा आला. हा शब्द पाणिनीच्या सूत्रांत आहे, आणि तोही माल भरायचं साधन याच अर्थानं. दोन हजार वर्षांपेक्षा जुना शब्द, आणि आजही सकाळी सात वाजता गाळ्यासमोर तोच ओरडला जातो, तोच अर्थ घेऊन.

त्याच शोधात एक धडाही मिळाला. पतंजलीनं महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभी 'गौः' या शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी बोलीतली रूपं दिली आहेत. म्हणजे 'गोणी' हे गाईचंही नाव होतं. लगेच मनात गोष्ट तयार झाली: गाईच्या कातड्याची पिशवी, म्हणून गोणी. कशी छान जुळते! आणि म्हणूनच ती लिहायची नाही. दिसायला सारख्या दोन शब्दांना वहीत दोन वेगळी पानं द्यायची. जोड सिद्ध झाली तर पानं नंतर एकत्र शिवता येतात. आधी एकत्र लिहिलेलं मात्र सोडवताना फार त्रास होतो. इंग्रजीतही हे पावलोपावली भेटतं. 'जिंजर' म्हणजे आलं, पण 'जिंजर्ली' म्हणजे जपून, अलगद. त्याचा आल्याशी काही संबंध नाही. ते बहुधा नाजूक या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलं आहे.

कोशातली नोंद कशी वाचायची

इंग्रजी शब्दासाठी पहिली पायरी म्हणजे ऑनलाइन इटिमॉलॉजी डिक्शनरी. डग्लस हार्पर यांनी ती उभी केली आहे आणि ती फुकट आहे. तिच्यावर ऑक्सफर्डचा मोठा कोश. तो १८८४ ते १९२८ या काळात भागाभागानं छापला गेला, आणि त्यात प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थाचा सापडलेला सगळ्यात जुना लेखी वापर सालासकट दिलेला असतो. हे साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. लोक आधी बोलतात आणि मग कुणीतरी लिहितं. तरी पावतीवरची तारीख म्हणून तिचा मोठा उपयोग असतो. एखादा शब्द अमुक घटनेवरून पडला असं कुणी सांगितलं आणि तो त्या घटनेच्या आधीच लिहिलेला सापडला, की प्रश्न मिटतो.

नोंदीत तीन-चार खुणा ओळखायला शिकलं की निम्मं काम होतं. सगळ्यात महत्त्वाची जोडी 'फ्रॉम' आणि 'कॉग्नेट' या दोन शब्दांची. 'फ्रॉम' म्हणजे हा शब्द त्या शब्दापासून आला: आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे, किंवा शेजारणीकडून उसना. 'कॉग्नेट' म्हणजे दोघे एकाच पूर्वजाचे, चुलत भावंडांसारखे. चुलत भाऊ हा आपला बाप नसतो. कोशात इंग्रजी शब्दाच्या नोंदीत संस्कृत शब्द दिसला की आपण आनंदानं म्हणतो, 'बघा, संस्कृतातून आला!' तिथं 'कॉग्नेट' लिहिलं असेल तर असं म्हणणं चूक आहे. माझ्या पाहण्यात नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गल्लत इथंच होते. त्यामुळे नोंद उतरवून घेताना मी 'फ्रॉम'साठी उभा बाण काढते आणि 'कॉग्नेट'साठी आडवी रेघ.

तिसरी खूण तारांकनाची. शब्दाच्या डोक्याशी फुली किंवा तारा असेल तर ते रूप कुठल्याही दगडावर, पानावर लिहिलेलं सापडलेलं नाही. वंशज भाषांची तुलना करून ते अभ्यासकांनी अनुमानानं बांधलं आहे. चौथी खूण 'परहॅप्स'. ही गाळून लिहू नका. 'कदाचित' होतं ते वहीत 'नक्की' झालं, तर पुढची सगळी बेरीज चुकते.

जिंजर: सहा हात बदललेला शब्द

आता थोडा लांबचा प्रवास. आजच्या शब्दापासून मागं मागं जायचं. उलट, म्हणजे संस्कृतपासून पुढं यायचं नाही, कारण तसं केलं की आपण ठरवलेल्या ठिकाणी शब्दाला ओढत नेतो.

इंग्रजीतला जिंजर इंग्रजीत दोनदा आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्याआधीच्या जुन्या इंग्रजीत तो 'गिंगिफर' अशा रूपात लिहिलेला आहे. हा लॅटिनमधून घेतलेला. पुढं राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा आली आणि तिच्यातला 'जिंजिब्र' नव्यानं उचलला गेला. दोन्हींच्या मागं उत्तरकाळची लॅटिन 'गिंगिबेर', तिच्या मागं 'झिंगिबेरी', तिच्या मागं ग्रीक 'झिंगिबेरिस'. ग्रीकच्या मागं आपल्याकडची प्राकृत. पालीत हा शब्द 'सिंगिवेर' असा आहे, आणि संस्कृतात 'शृंगवेर'. गुह निषादराजाच्या शृंगवेरपुरामुळं हे नाव आपल्या कानाला नवं नाही.

प्रत्येक पायरीवर मी चार गोष्टी विचारते: ध्वनी, अर्थ, तारीख, हात. ध्वनी बघा. 'सिंगिवेर'चा 'झिंगिबेर'. ग्रीकांच्या बोलण्यात तेव्हा आपल्यासारखा व नव्हता, त्यांनी ब वर भागवलं. बाकीचा सांगाडा, ग आणि र, जागच्या जागी आहे. अर्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. तारीख आणि हात यांची पावती रोमन लेखक प्लिनी देतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला. त्यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की हे मिरीच्या झाडाचं मूळ आहे असं काही लोक समजतात पण तसं नाही, आणि याला कुणी झिंगिबेरी म्हणतात तर कुणी झिंपिबेरी. त्याच्या मते हे अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या काठी पिकत होतं. ही चूक मला फार मोलाची वाटते. रोमला माल मिळत होता मधल्या व्यापाऱ्यांकडून, त्यामुळं रोमला गाव दिसत होतं ते त्या व्यापाऱ्यांचं. आमच्याकडेही गिऱ्हाईक विचारतं, 'ही सुंठ पुण्याची का?' मधला हात दिसतो आणि शेत दिसत नाही.

आता या प्रवासाचं आपल्याकडचं टोक. इथं मी चुकले होते. संस्कृत कोशात पाहिलं: शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर, म्हणजे शिंगासारखं अंग असलेलं ते शृंगवेर. आल्याचा गड्डा डोळ्यांसमोर आणला की पटतंच. माझ्या भाचीचा शाळेचा प्रकल्प होता, तिला मी हे सांगितलं आणि तिनं आल्याचं चित्र काढून खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पुढं काही महिन्यांनी केरळहून सुंठ घेऊन एक गाडी आली. माल उतरेपर्यंत ड्रायव्हर गाळ्यात बसला होता. चहासाठी आलं ठेचत होते, त्याकडे बोट करून तो म्हणाला, 'इंजी'. मी ठेचायचं थांबले. जिंजर आणि इंजी! मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, झाडाच्या मुळाला तुमच्यात काय म्हणतात? तो म्हणाला, 'वेर'. मला ते दोन्ही शब्द चहाच्या हिशेबाच्या कागदामागं लिहून घ्यावे लागले, हात इतके थरथरत होते.

त्या रात्री बरो आणि एमेनो यांचा द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश उघडला. तोही शिकागोच्या संग्रहात आहे. तमिळ-मल्याळममध्ये इंजी म्हणजे आलं, वेर म्हणजे मूळ. या भाषांत काही जुन्या शब्दांच्या आरंभीचा च-सारखा ध्वनी झिजून गेलेला दिसतो, म्हणजे 'इंजी'चं आधीचं रूप 'चिंगी', 'सिंगी'च्या जवळचं. पालीतल्या 'सिंगिवेर'शी ते लागतं. आज बहुतेक अभ्यासक असंच मानतात की शब्द मुळात दक्षिणेकडचा आहे, आणि संस्कृत बोलणाऱ्यांनी परक्या 'सिंगी'ला ओळखीच्या 'शृंग'चं रूप दिलं. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोक न कळणाऱ्या शब्दाला कळणारा आकार देतात.

ती ओळखायची एक खूण सांगते. जोडशब्दाचा एक भाग लख्ख ओळखीचा असतो, आणि दुसऱ्याला फक्त त्या शब्दापुरता अर्थ द्यावा लागतो. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात काही अर्थांपुढं 'एल' हे अक्षर असतं. त्याचा अर्थ असा की हा अर्थ फक्त जुन्या कोशकारांच्या याद्यांत मिळतो, ग्रंथांतल्या प्रत्यक्ष वापरात नाही. 'वेर म्हणजे शरीर' हा त्यातलाच. ते एक अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं असतं तर भाचीच्या वहीत चूक गेली नसती. तिच्याकडे जाऊन मी ते पान दुरुस्त करून घेतलं. चित्राखाली आता इंजी आणि वेर आहे.

इंग्रजांनीही हेच केलं. 'जिंजरब्रेड'मधला ब्रेड हा मुळात पाव नाही. जुन्या फ्रेंचमध्ये मुरवलेल्या आल्याला 'जिंजांब्रा'सारखा शब्द होता. त्याचं शेपूट इंग्रजी कानाला ब्रेडसारखं वाटलं आणि मग खरोखर त्या नावाचा गोड पाव झाला.

एकाच शब्दाच्या दोन वाटा

आमच्या गाळ्यात साखर आणि गूळ शेजारी असतात, आणि त्यांची इंग्रजी नावं सख्ख्या बहिणी आहेत. संस्कृत 'शर्करा' म्हणजे आधी वाळू, खडे, आणि मग दाणेदार साखर. ती उत्तरेकडून फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', मग लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत 'शुगर' झाली. तोच शब्द मल्याळममध्ये 'चक्कर' होता. तो १४९८ नंतर मलबारला आलेल्या पोर्तुगिजांनी 'जागरा' म्हणून उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजांकडे 'जॅगरी' गेला. वाट बदलली की रूप बदलतं. 'कँडी'ही या घरातली पाहुणी: संस्कृत 'खंड' म्हणजे तुकडा, फारसी 'कंद', अरबी 'कंदी'. आपली खडीसाखर डोळ्यांपुढं आणा.

अर्थाच्या बाबतीत मिरीच्या इंग्रजी नावानं, 'पेपर'नं, मला सावध केलं. तो 'पिप्पली'पासून निघाला, ग्रीकमध्ये जाता जाता ल चा र झाला. पण पिप्पली म्हणजे मिरी नाही, ती पिंपळी. आमच्याकडे दोन्हींचे भाव वेगळे आणि खाती वेगळी. युरोपात पिंपळीचं नाव मिरीला चिकटलं, आणि अमेरिकेतून मिरची आल्यावर इंग्रजीत तिलाही. ध्वनी जुळला म्हणजे वस्तू तीच, असं धरू नका.

घरचा शब्द: व्हील

आतापर्यंतचे सगळे शब्द उसने. इंग्रजीचे स्वतःचे, पिढीजात शब्द शोधायची रीत निराळी आहे, आणि मला विचाराल तर खरी गोडी तिथंच आहे.

माझ्या वडिलांचं नाना पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. चाक स्टँडवर चढवून, फिरवून, डोळा बारीक करून ते आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचे. एकेक स्पोक अर्धा आटा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. 'सायकलचं चाक' हे दोन शब्द मी लहानपणी सगळ्यात जास्त ऐकले असतील. ते दोन शब्द आणि इंग्रजी 'व्हील', तिन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत, हे कळलं तेव्हा वडील नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं.

'चाक' घ्या. मागं प्राकृत 'चक्क', मागं संस्कृत 'चक्र'. हे खरं कशावरून? नियमावरून. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्ण, कन्न, कान. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी होतं, मराठीत ते सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. चक्र, चक्क, चाक त्याच साच्यात बसतं. मराठी टोक तपासायला टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आहे, कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश आहे, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. मोल्सवर्थ पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात शब्द संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी कुठला ते एकेका अक्षरानं दाखवलेलं आहे.

'सायकल' सोपी. लॅटिनमार्गे ग्रीक 'कुक्लोस', म्हणजे वर्तुळ, चाक. हा उसना.

राहिला 'व्हील'. जुन्या इंग्रजीत तो 'ह्वेओल' होता, ह आधी आणि व नंतर. आज डब्ल्यू-एचनं सुरू होणारे बरेच इंग्रजी शब्द तसेच होते. आता या ह्व च्या मागं काय? १८२२ मध्ये जर्मन भाषा-अभ्यासक याकोब ग्रिमनं नियम मांडला की इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेत जुन्या प चा फ झाला, त चा थ, क चा ह, तसाच द चा त. पडताळून बघा: पितृ आणि फादर, पद आणि फूट, त्रि आणि थ्री, दश आणि टेन. क साठी लॅटिन 'कॉर्नू' म्हणजे शिंग आणि इंग्रजी 'हॉर्न'. आपलं 'शृंग' याच घरातलं. शब्दागणिक नाही, सगळ्या भाषेभर हाच बदल दिसतो, म्हणून त्याला नियम म्हणायचं. मग 'ह्वेओल'चा ह मागं नेला की क मिळतो.

तिन्ही टोकं आता एका ठिकाणी येतात. अभ्यासक जे तारांकित रूप देतात ते साधारण 'क्वेक्व्लो'सारखं आहे. फिरणे या अर्थाचा धातू दोनदा म्हटलेला, जसं आपण गरगर, भिरभिर म्हणतो. त्यात क दोन आहेत. संस्कृतच्या शाखेत ए च्या आधी येणाऱ्या क चा च झाला, दुसरा क ल च्या आधी होता म्हणून तसाच राहिला, आणि ल चा र झाला: च-क्र. एकाच शब्दात नियम लागू झालेला आणि न झालेला, दोन्ही शेजारी शेजारी. ती ओळ समजली त्या दिवशी मी खतावणी तशीच उघडी ठेवून बराच वेळ बसून होते.

इथं व्हील 'चक्र'पासून आला नाही आणि चक्र 'व्हील'पासून नाही. आडवी रेघ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचा उगम एकच असावा आणि तो कदाचित आता उरलेला नसावा, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला भाषणात सांगितलं. हा सगळा अभ्यास तिथून पुढं वाढला.

फार जुळलं तर थांबा

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक आजोबा आहेत. ते म्हणाले, इंग्रजी 'पाथ' म्हणजे आपला पथ, हे तर उघड आहे. मी त्यांना ग्रिमचा नियम सांगितला. पाथ पिढीजात असता तर प चा फ व्हायला हवा होता. पितृचा फादर झाला, मग पथ जसाच्या तसा कसा राहिला? काही अभ्यासकांच्या मते हा शब्द जर्मन शाखेनं फार पूर्वी इराणी भाषा बोलणाऱ्यांकडून घेतला. 'पथ'चं नियमात बसणारं नातं लॅटिन 'पोन्स'शी, म्हणजे पुलाशी आहे. आजोबांना पूल जास्त आवडला.

तसंच लॅटिन 'हाबेरे' आणि इंग्रजी 'हॅव'. दोन्हींचा अर्थ 'जवळ असणे', रूपही सारखं, आणि नातं मात्र नाही. इंग्रजीतला ह जुन्या क पासून आलेला, म्हणून हॅवचा लॅटिन भाऊ 'कापेरे', पकडणे. हजारो वर्षं वेगळे राहिलेले शब्द थोडे तरी बदललेले असायलाच हवेत. अजिबात न बदललेला दिसला तर तो उसना असेल किंवा योगायोग असेल.

आद्याक्षरांच्या गोष्टी तर सरळ बाजूला ठेवा. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ हे आपल्यापैकी प्रत्येकानं ऐकलं आहे. न्यूज म्हणजे न्यूचं अनेकवचन, नव्या गोष्टी. जुन्या लिखाणात ते शेवटी ई-एस लावून लिहिलेलं सापडतं. मग हा दुसरा ई कुठल्या दिशेचा? 'ऑरेंज'चीही अर्धवट गोष्ट फिरते, की 'अ नॉरेंज'मधला न इंग्रजीत सुटला. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा इथवर न आहे, पण तो इटालियन-फ्रेंचमध्येच गळाला. इंग्रजीत आला तेव्हा नव्हता. इंग्रजीत खरोखर असा न सुटला तो 'एप्रन'चा. तो आधी 'नेप्रन' होता.

वहीचं पान

माझं एक पान असं असतं. वर आजचा शब्द आणि अर्थ. खाली एकेक पायरी, तिच्यासमोर रूप, भाषा, तारीख, हात. पावती मिळालेली पायरी शाईनं, बाकी पेन्सिलीनं. कोशांची नावं प्रत्येक पायरीशेजारी, दोन कोशांचं जमत नसेल तर दोन्ही मतं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा मोठा ऐतिहासिक कोश चालू आहे. त्यासाठी सुमारे १ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, एकेका चिठ्ठीवर एकेका शब्दाचा एकेक वापर. ऑक्सफर्डचा कोशही चिठ्ठ्यांवरच उभा राहिला. माझी शंभर पानी वही त्याच रीतीची आहे, असं मी मानते.

आणि अपुरं पान फाडू नका. 'पंच' नावाचं पेय सतराव्या शतकात, १६३० च्या दशकापासून इंग्रजी कागदपत्रांत दिसतं. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, अशा पाच जिनसा म्हणून आपल्या पाचावरून नाव पडलं, असं तेव्हापासून सांगत आले आहेत. काही अभ्यासकांना त्यात अडचणी दिसतात, आणि दारूच्या मोठ्या पिपाला 'पंचन' म्हणत त्यावरून ते आलं असणंही शक्य धरतात. माझ्या वहीत त्या पानावर डावीकडे 'पाच' आहे, उजवीकडे 'पीप' आहे, दोन्ही पेन्सिलीत, आणि खाली सात ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.